सातपुड्यात आदर्श शाळा कशी घडते

काही निवडक शाळा आधी उत्तम करायच्या आणि त्यांच्या आधाराने परिसरातल्या बाकीच्या शाळा वर आणायच्या, हा विचार भारताच्या शिक्षणनियोजनात साठ वर्षे टिकून आहे. १९६४ ते १९६६ या काळात काम करणाऱ्या कोठारी आयोगाने सुमारे दहा टक्के शाळा प्राधान्याने सर्वोत्तम दर्जाला न्याव्यात असे सुचवले होते. त्याच अहवालात शाळासंकुलाची कल्पना होती. एका माध्यमिक शाळेभोवतीच्या प्राथमिक शाळा तिच्याशी जोडायच्या, साधने आणि शिक्षकांचे अनुभव आपसात वाटून घ्यायचे, असे तिचे स्वरूप. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक यांचा गारगोटीच्या मौनी विद्यापीठाशी जवळचा संबंध होता, त्यामुळे या कल्पनेमागे खेड्यातल्या शाळेचा प्रत्यक्ष अनुभव होता. पुढे निवडक शाळांची सूचना सरकारांना भावली. शाळा एकमेकींना जोडण्याची सूचना बरीचशी अहवालातच राहिली. आदर्श शाळांविषयी आज जे प्रश्न पडतात, त्यांतले बहुतेक इथून सुरू होतात.

१९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने नवोदय विद्यालयांकडे इतरांना गती देणाऱ्या शाळा म्हणून पाहिले. पहिली दोन नवोदय विद्यालये १९८५-८६ मध्ये हरियाणातील झज्जर आणि महाराष्ट्रातील अमरावती येथे निघाली. १९९७-९८ पासून आदिवासी मुलांसाठी एकलव्य आदर्श निवासी शाळा सुरू झाल्या. निम्म्याहून अधिक आदिवासी लोकसंख्या आणि किमान वीस हजार आदिवासी रहिवासी असलेल्या प्रत्येक तालुक्यात अशी शाळा देण्याचे २०१८ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जाहीर झाले. सप्टेंबर २०२२ मध्ये पीएम श्री योजना मंजूर झाली : देशभरात साडेचौदा हजार शाळा, पाच वर्षांसाठी २७,३६० कोटी रुपये, आणि एका तालुक्यात जास्तीत जास्त दोन शाळा. निवडलेल्या शाळेने परिसरातील इतर शाळांना मार्गदर्शन करावे, हे या योजनेच्या उद्दिष्टांतच लिहिलेले आहे.

नंदुरबार जिल्ह्यात या योजना पोहोचल्या आहेत. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा सहा तालुक्यांचा : नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी, ज्याला लोक धडगाव तालुका म्हणतात. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास होती आणि तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के होते. साक्षरता ६४ टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत कमी. त्या वेळी महाराष्ट्राची सरासरी ८२ टक्के होती. २०१८ मध्ये केंद्र सरकारने आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली, तेव्हा महाराष्ट्रातून गडचिरोली, वाशीम आणि उस्मानाबादबरोबर नंदुरबारचे नाव तीत आले.

या आकड्यांमागे तीन गोष्टी आहेत आणि तिन्ही थेट वर्गाच्या दारापर्यंत येतात. पहिली भाषेची. तळोदा-अक्कलकुव्याकडे देहवाली भिली, नवापूरकडे मावची आणि कोकणी, धडगावच्या डोंगरात पावरी, सपाटीच्या गावांत अहिराणी आणि गुजरी. पहिलीत आलेल्या मुलाच्या हाती पडणारे पाठ्यपुस्तक मात्र प्रमाण मराठीतले. दुसरी वस्तीच्या रचनेची. डोंगरातले एक गाव म्हणजे टेकड्यांवर विखुरलेले दहा-बारा पाडे, मध्ये नाले, पावसाळ्यात तुटणाऱ्या पायवाटा, आणि नर्मदाकाठच्या काही गावांना आजही होडीचाच आधार. तिसरी स्थलांतराची. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांकडे ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि पोरे बरोबर. परत येणे एप्रिल-मेमध्ये. शाळेच्या वर्षातला मोठा भाग मुलांचा तिकडच्या पडावावर जातो, आणि तिथल्या आसपासची शाळा गुजराती माध्यमाची असते.

नंदुरबारमध्ये उत्तम म्हणवणारी शाळा या तीन गोष्टींना काय उत्तर देते, यावरच तिची परीक्षा करावी लागते. इमारतीचा रंग, संगणकांची संख्या आणि दहावीचा निकाल हे त्यानंतरचे.

निवडक निवासी शाळांचे उत्तर सरळ आहे. त्या मुलाला पाड्यावरून उचलून वेगळ्या वातावरणात आणतात. तिथे दोन वेळचे जेवण, ग्रंथालय, विषयवार शिक्षक आणि बारावीपर्यंतची खात्री मिळते. याचा लाभ खरा आहे. साक्री तालुक्यातील सामोडे गावच्या भिल्ल कुटुंबातले डॉ. राजेंद्र भारुड गावातल्या जिल्हा परिषद शाळेतून अक्कलकुव्याच्या नवोदय विद्यालयात गेले, पुढे डॉक्टर आणि मग सनदी अधिकारी झाले, आणि याच नंदुरबारचे जिल्हाधिकारी म्हणून परतले. ‘मी एक स्वप्न पाहिलं’ हे त्यांचे आत्मकथन मराठी वाचकांना परिचित आहे. अशी एक वाट उघडी राहणे ही डोंगरातल्या हजारो घरांसाठी मोठी गोष्ट आहे, आणि ती कमी लेखण्याचे कारण नाही.

पण अशी शाळा इतरांसाठी नमुना ठरू शकते का? नवोदय विद्यालयात सहावीला परीक्षेतून निवडलेली जास्तीत जास्त ८० मुले घेतली जातात. एकलव्य शाळेची क्षमता ४८० विद्यार्थ्यांची. एका विद्यार्थ्यामागे वर्षाला १ लाख ९ हजार रुपये आवर्ती खर्चाची तरतूद, आणि इमारतीसाठी सपाट प्रदेशात ३७ कोटी ८० लाख, डोंगराळ भागात ४८ कोटी रुपयांची. याउलट अक्कलकुवा तालुक्यातल्या मोलगीच्या पठारावरच्या एखाद्या पाड्यावर दोन शिक्षक चार वर्ग सांभाळत असतात. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक मिळतात. येणारे प्रत्येक मूल घ्यायचे असते, निवड करायची नसते, आणि तेच योग्य आहे. त्या दोन शिक्षकांनी एकलव्य शाळा पाहून परत यावे आणि सोमवारपासून तसे काही करावे, असे त्यांच्या हाती काहीच नसते. निवडलेली मुले आणि वेगळा निधी यांवर उभी राहिलेली शाळा आपल्या मुलांचे भले करते. शेजारच्या शाळेला मात्र तिच्यापासून उचलता येईल असे फार थोडे असते.

याच जिल्ह्यात याच्या अगदी उलट बाजूने उभ्या राहिलेल्या शाळा आहेत. नर्मदा बचाओ आंदोलनाच्या जीवनशाळा त्या. सरदार सरोवर धरणाच्या बुडितात महाराष्ट्रातील ३३ गावे येत होती, त्यांतली २४ अक्राणीची आणि ९ अक्कलकुव्याची. मेधा पाटकर आणि त्यांचे सहकारी १९८० च्या दशकाच्या मध्यापासून या गावांत फिरू लागले, तेव्हा लोकांच्या तक्रारींत एक तक्रार शाळेची होती. कागदोपत्री शाळा आहे, मास्तर झेंडावंदनापुरता येतो, पोराला अक्षर येत नाही. मग १९९१-९२ च्या सुमारास चिमलखेडी आणि निमगव्हाण येथे गावकऱ्यांनी स्वतःच शाळा काढल्या. पुढे मणिबेलीसह नर्मदाकाठच्या इतर गावांत आणि मध्य प्रदेशातल्या काही गावांतही त्या पसरल्या. पहिल्या शाळेचे पाहून पुढच्या गावाने आपली काढली, एवढ्यावरून या शाळांना नमुना म्हणायला हरकत नाही. कोणत्याही परिपत्रकाने त्यांना तसे म्हटलेले नव्हते.

जीवनशाळेची इमारत म्हणजे सागाचे खांब, बांबूचा कूड, त्यावर मातीचा लेप. लाकूड आणि बांबू गावाचा, उभारणीचे श्रम गावाचे. लांबच्या पाड्यांवरची मुले शाळेतच राहतात, त्यामुळे आई-बाप रोजगारासाठी गेले तरी मुलाचे वर्ष मोडत नाही. गुरुजी त्याच खोऱ्यातले, मुलांचीच बोली बोलणारे. सुरुवातीच्या गुरुजींत स्वतः जेमतेम काही इयत्ता शिकलेले तरुण होते आणि बाहेरून आलेल्या कार्यकर्त्यांनी त्यांना हळूहळू तयार केले. या गुरुजींनी म्हाताऱ्या माणसांकडून गावाच्या, देवांच्या, जंगलाच्या गोष्टी ऐकून पावरीत उतरवून घेतल्या आणि त्यांतून वाचनसाहित्य तयार केले. मुलाने पहिल्यांदा वाचलेला मजकूर त्याच्या आजोबाला ठाऊक असलेला होता, ही गोष्ट अध्यापनाच्या दृष्टीने फार मोलाची आहे. त्याबरोबर राज्याचा अभ्यासक्रमही शिकवला जातो, कारण चौथीनंतर मुलांना आश्रमशाळेत किंवा अन्य शाळेत जायचे असते. दरवर्षी सगळ्या जीवनशाळांची मुले बालमेळ्याला एकत्र येतात. खेळ, गाणी, नाटुकली होतात, आणि कोणत्या गावच्या शाळेत काय चालले आहे हे सर्व गावांना दिसते.

या शाळांवर आक्षेपही घेतले गेले. मुले मोर्चांत दिसतात, शिक्षण आणि आंदोलन यांची गल्लत होते, असे टीकाकारांचे म्हणणे होते. आंदोलनाची बाजू अशी की, ज्याचे घर बुडणार आहे त्या मुलाला त्याविषयी काही न सांगणारी शाळा त्याच्याशी प्रामाणिक राहत नाही. १९९३ च्या पावसाळ्यापासून मणिबेलीत पाणी शिरू लागले, आणि २०१७ मध्ये धरण १३८.६८ मीटर उंचीला पूर्ण झाले. या काळात काही जीवनशाळा बुडिताच्या रेषेच्या वर सरकवून पुन्हा उभ्या कराव्या लागल्या. बुडालेली शाळा लोकांनी स्वतःहून पुन्हा बांधणे ही तिच्याविषयीची सर्वांत भक्कम साक्ष म्हणावी लागेल. मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. या शाळा मुख्यतः चौथीपर्यंतच्या, देणग्यांवर चालणाऱ्या, आणि गुरुजींचे मानधन सरकारी पगाराच्या जवळपासही जाणारे नाही. शासनाची जबाबदारी लोकांनी अंगावर घेतली, याचा अर्थ ती शासनाची राहिली नाही असा होत नाही.

तरीही जीवनशाळेतून घेण्याजोगे पुष्कळ आहे, आणि ते घ्यायला धरणाचा लढा असावा लागत नाही. भाषेचेच पाहावे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये शक्य तेथवर मातृभाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. नंदुरबारमध्ये सगळी पुस्तके पाच-सहा बोलींत छापली जाईपर्यंत थांबण्याची गरज नाही. पहिलीच्या वर्गात गुरुजी मोहाची फुले, आंब्याच्या फोडी, भगरीचे दाणे टोपलीत आणून ठेवतात. मुले आपापल्या बोलीत नावे सांगतात. ती नावे देवनागरीत फळ्यावर जातात, प्रत्येकाच्या पुढे चित्र काढले जाते, आणि मग शेजारी मराठी नाव लिहिले जाते. मूल अक्षर शिकते ते ओळखीच्या शब्दावर, आणि मराठी शिकते ते अर्थ आधी हाती घेऊन. असा पाठ घ्यायला फळा, खडू आणि मुलांची बोली जाणणारा माणूस लागतो. बाहेरून आलेला शिक्षक असेल, तर पाड्यावरची अंगणवाडीताई किंवा एखादी शिकलेली आई सुरुवातीचे काही महिने वर्गात बसू शकते. 

हजेरीचा प्रश्न याहून अवघड. पालघरमध्ये, आधी बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी एक साधी गोष्ट ओळखली होती. गुरे राखायला जाणारे मूल शाळेत येत नसेल, तर शाळा कुरणात न्यावी. त्यातून कुरणशाळा निघाल्या, अंगणात भरणाऱ्या बालवाड्या निघाल्या. नंदुरबारचे कुरण आज बार्डोली-सुरतकडच्या उसात आहे. स्थलांतरित मुलांसाठी राज्यात शिक्षण हमी कार्ड आणि हंगामी वसतिगृह या सोयी आहेत. त्या वापरायच्या तर काम दसऱ्याआधी सुरू व्हावे लागते. कोणते घर उचल घेणार, कोणत्या घरी आजी मागे राहणार, कोणत्या मुलीला धाकट्या भावाला सांभाळायला नेणार, हे शिक्षकाला नावानिशी माहीत हवे. व्यवस्थापन समितीच्या बैठकीत त्या नावांवर बोलणे व्हायला हवे. कायद्याने या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असतात. पाड्यावरची खरी माहिती याच बायांना असते. जाणाऱ्या मुलांची यादी आधी तयार करणारी आणि निम्मी तरी मागे ठेवून घेणारी द्विशिक्षकी शाळा ही या जिल्ह्यातली मोठी कर्तबगारी मानायला हवी. पुरस्काराच्या अर्जात मात्र तिच्यासाठी रकाना नसतो.

होळीचेही असेच. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावच्या राजवाडी होळीपासून पुढचे काही दिवस डोंगरातली गावे एका मेळ्यातून दुसऱ्या मेळ्यात जातात. त्या दिवसांत रिकाम्या वर्गाकडे पाहून वैतागण्यापेक्षा सुट्ट्या तिकडे वळवणे शहाणपणाचे.

शिक्षक टिकणे हा या सगळ्याचा पाया. २०१७ च्या बदली धोरणात डोंगरातल्या शाळा अवघड क्षेत्रात मोडल्या, आणि तिथे तीन वर्षे काढलेल्या शिक्षकाला बदलीत प्राधान्याचा हक्क मिळाला. शिक्षकावर अन्याय होऊ नये म्हणून हे आवश्यक होते. पण बोली कळू लागायला, पालक ओळखीचे व्हायला तेवढाच काळ जातो आणि मग माणूस निघून जातो. पेसा क्षेत्रात, म्हणजे पेसा कायदा लागू असलेल्या आदिवासी भागात, शिक्षकपदे स्थानिक अनुसूचित जमातीच्या उमेदवारांतून भरण्याची तरतूद आहे. तिची नीट अंमलबजावणी झाली, तर सातपुड्याच्या शाळांना तिच्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचाही होणार नाही. जीवनशाळांनी तीस वर्षांपूर्वी नेमके हेच करून पाहिले.

चांगली पद्धत एका शाळेतून दुसरीत कशी जाते, याचा महाराष्ट्रातला सर्वांत बोलका दाखला सातारा तालुक्यातील कुमठे बीटचा आहे. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने तिथल्या चाळीस शाळांनी ज्ञानरचनावादी पद्धत स्वीकारली. मुलाच्या हाताला पोहोचतील असे भिंतीवरचे फळे, जमिनीवर आखलेली अंकजाळी आणि शब्दपट्टे, गटांत बसून एकमेकांना शिकवणारी मुले. राज्यभरातून शिक्षकांच्या बस कुमठ्याला येऊ लागल्या आणि जून २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाला त्या कामाचा आधार मिळाला. कुमठ्याचे बळ असे की ती एक शाळा नव्हती, बीट होते, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालचा शाळांचा गट. त्याच प्रकारचे शिक्षक, तोच पगार, तशीच मुले. आपल्याला जमणार नाही असे म्हणायला पाहुण्या शिक्षकाला जागा उरत नसे. पुढे अनेक ठिकाणी फरशा तेवढ्या रंगल्या. वर्गात काय चालावे याचा विचार फरशीबरोबर गेला नाही, कारण एका दिवसाच्या भेटीत डोळ्यांना दिसते तेवढेच माणूस घेऊन येतो.

खेड तालुक्यातील जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा याच प्रश्नाची दुसरी बाजू दाखवते. शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीची शाळा नावारूपाला आणणारे दत्तात्रय वारे तिथे मुख्याध्यापक म्हणून आले आणि बंद पडण्याच्या बेतात असलेल्या त्या शाळेला २०२५ मध्ये ‘वर्ल्ड्स बेस्ट स्कूल’ पुरस्कारांत कम्युनिटी चॉइस पुरस्कार मिळाला. एका शिक्षकाने दोन गावांत तेच घडवून दाखवले, म्हणजे त्यामागे शिकता येण्याजोगी रीत आहे. मात्र दोन्ही ठिकाणी गावाने पैसा, जागा आणि वेळ दिला. पुणे जिल्ह्यातल्या गावाजवळ पैसा असतो. धडगावच्या पाड्याजवळ हात आणि बांबू असतो. मदत मागताना गावाजवळ जे आहे ते मागावे, हे जीवनशाळांनी ओळखले होते.

नंदुरबारला नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. केंद्रशाळा, केंद्रप्रमुख आणि शिक्षण परिषद ही रचना राज्यात कित्येक वर्षांपासून आहे. कोठारी आयोगाच्या शाळासंकुलाशी तिचे जवळचे नाते आहे. परिषदेचा वेळ माहिती भरण्याच्या सूचनांत जातो, ही शिक्षकांची सार्वत्रिक तक्रार आहे आणि ती रास्त आहे. तोच वेळ एखाद्या पाड्यावरच्या शाळेत, चालू वर्गात, पाठ पाहण्यात आणि त्यावर बोलण्यात गेला तर खर्च काहीच वाढत नाही. भेट एकदाची नसावी. ज्याने पाहिले त्याच्या वर्गात महिन्याभराने दाखवणाऱ्याने जावे, आणि ही जोडी वर्षभर चालावी. तालुक्यातल्या पीएम श्री शाळांना मिळणाऱ्या निधीतला काही भाग अशा जोड्यांसाठी ठेवला, तर योजनेच्या उद्दिष्टांतले मार्गदर्शनाचे वाक्य खरे होईल. आणि त्या शाळेचे मूल्यमापन करताना तिच्या स्वतःच्या गुणांबरोबर शेजारच्या पाच शाळांतली तिसरीची मुले वाचू लागली का, हेही मोजावे. निपुण भारत अभियानाने तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे यासाठी २०२६-२७ हे वर्ष ठरवलेले आहे. ते वर्ष दाराशी आले आहे.

धडगाव किंवा अक्कलकुव्यातली शाळा आदर्श म्हणून निवडायला जाणाऱ्या समितीने जानेवारीत, ऐन ऊसतोडीच्या हंगामात जावे. आधी हजेरीपट पाहावा, मग वर्गातली मुले मोजावीत. गैरहजर मुलांची नावे घेऊन ती कुठे आहेत हे शिक्षकांना आणि समितीतल्या बायांना विचारावे. तिसरीतल्या एखाद्या मुलीला पुस्तक वाचायला द्यावे आणि वाचलेले तिच्याच बोलीत सांगायला सांगावे. परत निघण्यापूर्वी शेजारच्या पाड्यावरच्या शाळेत जाऊन, इथले काय तिथे नेले आहे, हेही पाहावे.